पोहोचवणाऱ्याचं खातं

४ फेब्रुवारी, गुरुवार

अवजारघराची सभा झाली. दोन तास चालली, काम पाच मिनिटांचं. शिडी, ड्रिल, शिवणयंत्र, गवत कापायचं यंत्र, असलं सगळं आम्ही सभासदांना वापरायला देतो. दोनशे चौदा सभासद. वस्तू वेबसाइटवर मागायची, आमचा माणूस घरी पोहोचवतो. त्या वेबसाइटवर काही पानं सगळ्यांना दिसतात, काही ठरावीक लोकांनाच दिसायला हवीत. कोणाला काय दिसतं हे तीन वर्षांत कोणी बघितलेलंच नाही म्हणे.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे तुम्ही करा. तुम्ही कारखान्याचं टूल स्टोअर एकतीस वर्षं सांभाळलंत." बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, अजून हातात डस्टर असल्यासारख्या बोलतात. मी म्हटलं, मी सातवी पास, तीसुद्धा गुरुजी कंटाळले म्हणून. सगळे हसले आणि टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे काम असंच गळ्यात पडतं.

६ फेब्रुवारी

कॉम्प्युटरवाली आली. पोरीची नोकरी दुसरीकडे आहे, आम्हाला दर शनिवारी दोन तास फुकट देते. मला शेजारी बसवून समजावलं. चार भूमिका आहेत म्हणाली. मी म्हटलं, नाटक आहे का? सभासदाला फक्त स्वतःचं पान दिसतं. स्टोअरवाल्याला कुठली वस्तू बाहेर आहे ते. पोहोचवणाऱ्याला सगळ्यांचा पत्ता, फोन आणि घरी कधी असतात ती वेळ. कारभाऱ्याला सगळंच, शिवाय दुसऱ्याला परवानगी द्यायची सोय.

यात शिकायचं काय? कारखान्यात फिटरला फिटरचं कपाट उघडायचं, वेल्डरला वेल्डरचं. खुंटीवर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा, अवजार न्यायचं.

"काका, तुम्हाला तर सगळं येतंच," म्हणाली.

"मग दोन तास कशाला घेतलेस?"

"एकच सांगते. एक खातं, एक माणूस. हातोहात फिरवायचं नाही."

बरं बरं म्हटलं. तिला घरी जायचं होतं, मलाही.

९ फेब्रुवारी

आजचा दिवस कामी आला. मशीन दुरुस्त करणारे हवेत अशी पाटी स्टोअरच्या दारावर वर्षभर लटकतेय. ती वाचून आज एक माणूस आत आला. चाळिशीचा, सभ्य, आवाज खालचा, वाक्यागणिक "बरं का" म्हणतो. तीन शिवणयंत्रं मेलेली पडली होती. त्याने एक माझ्यासमोर वीस मिनिटांत जिवंत केलं. पैसे नको म्हणाला. हल्ली असा माणूस मिळतो कुठे?

बायको शिवणकाम करायची, म्हणून मशीनची माहिती आहे म्हणाला. करायची म्हणाला तसं मी पुढे विचारलं नाही. वारली असेल बिचारी.

"ओव्हरलॉक दिसत नाही ते?" त्याने विचारलं. कापडाच्या कडा शिवायचं मशीन ते.

"एकच आहे. ते कायम बाहेरच असतं."

"त्याला तर महिन्याला तेल लागतं, बरं का. लोकांकडे आहेत ती मशीनं मी घरी जाऊन बघेन. कुठलं कुणाकडे आहे ते कळलं की झालं."

मी कॉम्प्युटरवालीला फोन लावला. ती म्हणे त्यासाठी दुरुस्तीची वेगळी भूमिका करावी लागेल, त्याला पत्ते सगळे दिसायला नकोत, समितीची मंजुरी, एक फॉर्म, ओळखपत्र, चार-पाच दिवस. तेल घालायला ओळखपत्र! मी म्हटलं, राहू दे, मी बघतो.

आमच्या सायकलवाल्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दोन महिने तो काही पोहोचवायला जाणार नाही, खातं नुसतंच पडून. त्याला फोन करून सांगितलं, पासवर्ड बदलला आणि ते खातं या माणसाला देऊन टाकलं. कारखान्यात फिटर गेला की त्याचा लॉकर कोणी फोडत नसे, पुढच्या माणसाला किल्ली मिळायची. पाच दिवसांचं काम पाच मिनिटांत.

१२ फेब्रुवारी

परवानग्यांची यादी छापून घेतली. डोळे पांढरे व्हायची वेळ. कारभारी किती असावेत? अध्यक्षबाई आणि मी, दोन. यादीत एकोणीस! त्यात शटर रंगवून गेलेला पेंटर. त्याला अध्यक्षबाईंचा फोन नंबर हवा होता, कोणीतरी त्याला कारभारीच करून टाकलं. एक बाई तर वारल्यात, त्यांना सगळ्यांचे पत्ते दिसतायत. तीन जण गाव सोडून गेले. अध्यक्षबाईंची नणंद पण आहे.

सकाळी दहापासून एकेकाला फोन केले आणि काढत सुटलो. कोणी मिनिटात हो म्हणालं, कोणी अर्धा तास रुसलं. नणंदबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वासाचं काय आलं त्यात? शिडी मागायला कारभारी व्हावं लागत नाही."

"वहिनीला सांगते."

"सांगा. त्यांना यादीची एक प्रत पण द्या."

पेंटर तेवढा गुणी. म्हणाला, काका, मला माहीतच नव्हतं, तीन वर्षं उगाच मालक होतो.

संध्याकाळपर्यंत एकोणिसाचे दोन केले. पोहोचवणारे नऊ होते, ते तीन ठेवले. स्टोअरचा टेम्पोवाला, त्याचा भाऊ आणि सायकलवाला. झालं काम. लोक याला महिना लावतात.

१४ फेब्रुवारी

शिवणवाली आली होती. ओव्हरलॉक हिच्याकडेच असतं. शाळांचे गणवेश शिवते, एक आठ वर्षांची मुलगी आहे, बाकी कोणी नाही. बोलणं मोजकं. सुयांची डबी परत केली, जायला निघाली आणि दारातून वळली.

"काका, माझा पत्ता कोणाकोणाला दिसतो?"

"आपल्याच माणसांना."

"किती?"

मला परवाचं काम तोंडपाठ. "तीन पोहोचवणारे, दोन कारभारी. पाच. आधी अठ्ठावीस जणांना दिसत होता, मी सगळे उडवले."

अठ्ठावीस ऐकून तिचा चेहरा उतरला. "आता पाचच ना? नक्की?"

"अहो, नक्की म्हणजे नक्की. लिहून देऊ का?"

"नको. तुम्ही म्हणताय ना," म्हणाली आणि गेली.

घरी हिला सांगितलं तर ही पोळ्या करायची थांबली. "तिने का विचारलं?" मी म्हटलं, मला काय माहीत, बायकांना चौकशा असतात. हिचे कपडे शिवणवालीकडेच असतात, दोघींचं गूळपीठ आहे. काय भानगड आहे म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला सांगितलं तर तुम्ही चौकात सांगाल. चौदा महिन्यांपूर्वी ती मुलीला घेऊन इथे आली, एवढंच माहीत असू दे." मी सोडून दिलं. मला कुठे वेळ आहे?

१७ फेब्रुवारी

दुरुस्तीवाला परत फिरकला नाही. दोन मशीनं तशीच पडलीत. माणसं सुरुवातीला उत्साह दाखवतात आणि मग गायब. फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही म्हणते. माझ्या हातून आकडा चुकला असेल.

२० फेब्रुवारी

लिहायलाही लाज वाटते.

कॉम्प्युटरवालीने आज एक नवीन गोष्ट दाखवली. कोणी कुठलं पान कधी उघडलं याची नोंद वेबसाइट आपोआप ठेवते. महिन्याला ती चाळायची. चाळता चाळता तिने पडदा माझ्याकडे फिरवला.

सायकलवाल्याच्या नावावर, नऊ तारखेपासून, शिवणवालीचं पान. अकरा वेळा. एका दिवशी तर तीनदा. इतरांची पानं म्हणाल तर पहिल्या दिवशी चार-पाच, तीही शिवणयंत्रवाल्यांची. नंतर एकही नाही.

"काका, हे गृहस्थ कसे आहेत?" तिने हळूच विचारलं.

सायकलवाला आणि मी एका बाकावर डबा खाल्लेली माणसं. अडुसष्ट वर्षांचा, नातवंडं आहेत. आणि हे धंदे? घरबसल्या, पाय वर करून, पोरीच्या वयाच्या बाईचं पान बघत बसतो! मी तिला म्हटलं, तू कोणाला बोलू नकोस, मी बघतो त्याच्याकडे.

उद्या सकाळी त्याच्या घरी जातो. अशी काढतो की गुडघा विसरेल.

२१ फेब्रुवारी

गेलो. तो पाय स्टुलावर ठेवून वर्तमानपत्र वाचत होता. खूश झाला बघून. मी बसलोच नाही.

"पाय बरा झालेला दिसतो तुझा. फार फिरतोयस."

"संडासपर्यंत जातो रे. का?"

"अकरा वेळा, लाज नाही वाटली? तिच्या मुलीएवढी तुझी नात आहे."

मी सगळं बोललो, जरा जास्तच बोललो. त्याची बायको आतून येऊन दारात उभी राहिली. माझं संपल्यावर त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, "मी कशाने उघडणार? पासवर्ड तूच बदललास ना? तूच फोन केलास, तुझं खातं घेतोय, तुला नाहीतरी आता लागत नाही, म्हणून. कोणाला दिलंस?"

मी बसलो.

त्याच्या बायकोने पाणी आणून ठेवलं. मग मी त्यांना काही न सांगता उठलो. माफी मागायला हवी होती, तेही सुचलं नाही.

जिन्यातूनच कॉम्प्युटरवालीला फोन केला, ते खातं बंद करायला लावलं. कारण सांगितलं तर ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, "काका, शेवटचं काल रात्री उघडलंय. तुम्ही आधी तिच्याकडे जा."

शिवणवाली तिसऱ्या मजल्यावर राहते. साखळी लावूनच दार उघडलं. मला बघून साखळी काढली. खोलीत निळ्या कापडाचे गठ्ठे, मध्ये ओव्हरलॉक, मुलगी कोपऱ्यात चित्र काढत होती. तिने मुलीला आत पाठवलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, नाहीतर सांगता आलं नसतं. मशीन दुरुस्त करायला एक माणूस आला होता, मी त्याला खातं दिलं, त्याला तुमचा पत्ता आणि वेळ दिसत होती.

"कसा होता?"

"चाळिशीचा. आवाज खालचा. सारखं बरं का म्हणतो."

"घड्याळ उजव्या हातात?"

आठवून बघितलं. "हो."

ती गठ्ठ्यावर बसली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर मला शिव्या घालेल. ती म्हणाली, "मंगळवारी तो समोरच्या चष्म्याच्या दुकानापाशी उभा होता. साडेचार वाजले होते. मला वाटलं, मला भास झाला. मला होतात. बाजारात, बसमध्ये, कुठेही तो दिसतो. बहीण म्हणते डॉक्टरकडे जा. म्हणजे मंगळवारी भास नव्हता?"

"नव्हता."

"नाही ना?"

"नाही."

तिने मोठा श्वास घेतला, ओझं उतरवल्यासारखा. मला त्याचा अर्थ लागला नाही. मी असतो तर घाबरलो असतो.

मग तिने मला सरळ सरळ सांगितलं, जे घरी ही मला सांगत नव्हती. तो नवरा. कात्रीच्या मुठीने तिचं मनगट मोडलं होतं, ते अजून ओल्या कापडाला पीळ देऊ देत नाही. त्याने जवळ यायचं नाही असा कोर्टाचा कागद आहे. कागद त्याला माहीत आहे, पत्ता माहीत नव्हता. मंगळवार आणि गुरुवार, चार ते सहा, ही तिने आमच्या वेबसाइटवर लिहिलेली वेळ. तेव्हा मुलगी पोहायला जाते आणि ती एकटी असते.

मी निघालो तेव्हा म्हणाली, "पाच म्हणाला होतात."

"हो. पाचांतला एक तो होता."

मग दोघींची पिशवी भरून होईपर्यंत दारात थांबलो.

आजपासून दोघी आमच्याकडे झोपतायत. हिने बाहेरच्या खोलीत गाद्या घातल्या. माझ्याशी मात्र एक अक्षर नाही.

२२ फेब्रुवारी

तातडीची सभा. शिवणवालीला पोलिसांत द्यायला नोंदीचा कागद हवाय. तो पत्ता शोधत होता, दबा धरून होता, याचा पुरावा तेवढाच आहे. पण कागदावर नाव सायकलवाल्याचं.

अध्यक्षबाई मजकूर तयार करूनच आल्या होत्या. तांत्रिक बिघाडामुळे काही काळ माहिती अन्य व्यक्तीस दिसली असण्याची शक्यता आहे. इतकं गुळगुळीत की हातात धरता येत नाही.

"कसला बिघाड?" मी विचारलं.

"अहो, संस्थेचं नाव आहे. दोनशे चौदा लोकांचे पत्ते आहेत आपल्याकडे. लोक निघून जातील. आणि तुमच्यावर बालंट यायला नको म्हणूनच लिहितेय मी."

सायकलवाला कुबड्या घेऊन आला होता. दोन जिने चढून. माझ्याकडे न बघता म्हणाला, "राहू द्या की माझं नाव. म्हाताऱ्याने चुकून बटण दाबलं म्हणा. मला कोण काय करतंय?"

त्याच्या या बोलण्याने मला जास्त लागलं. काल मी त्याला काय काय बोललो होतो!

मी म्हटलं, "तुझं नाव राहिलं तर तो नवरा काय म्हणेल? मी कुठे बघितलं, या लंगड्याने बघितलं. म्हणजे तिचा कागद रद्दी. बिघाड म्हटलं तरी तेच. यंत्राने बरोबर काम केलंय. ज्याने ज्याला दिलं त्याला दाखवलं, वर वेळ पण लिहून ठेवली. चुकलो मी."

"तुमच्यावर केस होऊ शकते," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"होऊ दे."

"या वयात?"

"मग काय करू, वय कमी करून आणू?"

कॉम्प्युटरवाली टाइप करून देते म्हणाली. मी नको म्हटलं. वहीचं पान फाडलं आणि हाताने लिहिलं. अक्षर गचाळ आहे पण कळतं. नऊ तारखेला पोहोचवणाऱ्याचं बंद पडलेलं खातं मी कोणाला न विचारता एका अनोळखी माणसाला दिलं. नवीन भूमिका करायला पाच दिवस लागतील असं सांगितलं होतं, मला थांबायचं नव्हतं. त्याचं ओळखपत्र बघितलं नाही. त्याने सांगितलेला फोन नंबर खोटा निघाला. नोंदीत ज्याचं नाव आहे त्याचा यात संबंध नाही. यंत्रात बिघाड नव्हता. खाली सही, तारीख.

अध्यक्षबाईंनी दोनदा वाचलं. मला वाटलं फाडतात आता. त्यांनी पेन काढून "थांबायच" वरचा राहिलेला अनुस्वार दिला आणि शिक्का मारला. सवय जात नाही बाईंची.

२३ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात तीन तास बाकावर. शिवणवाली, मी आणि सायकलवाला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, घरी जा, पाय दुखेल. म्हणाला, "घरी बसलो की लोक यादीत शोधतात मला." तेव्हा मी माफी मागितली. तो म्हणाला, "चल, चहा सांग." दोन घेतले, पैसे मी दिले.

अधिकारी बाई होती, तरुण. माझा कागद वाचून म्हणाली, "हे तुम्ही स्वतः लिहिलंत? असं कोणी लिहून देत नाही."

"वाचता येतंय ना? मग झालं."

तिने दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्र मागवलंय. मंगळवारी साडेचारला तो खरंच दिसतो का बघणार.

२५ फेब्रुवारी

दिसतो. पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत उभा. कागद, नोंद आणि चित्र जुळलं. त्याला आज उचलला. अधिकारी बाई म्हणाली, किती दिवस आत राहील सांगता येत नाही, जामीन होऊ शकतो. मायलेकींनी त्या घरी परत जाऊ नये.

म्हणजे शिवणवालीने घर सोडायचं. शाळेचं काम, मुलीचं पोहणं, ओळखीचं गिऱ्हाईक, चौदा महिन्यांत जमवलेलं सगळं. त्याने मोडलं असं म्हणायला सोपं आहे. दार मी उघडून दिलं.

मुलीने आज मला विचारलं, "आजोबा, आम्ही परत कधी जाणार?" मी म्हटलं, आईला विचार. पळपुटेपणा, दुसरं काय?

२७ फेब्रुवारी

कॉम्प्युटरवालीबरोबर चार तास बसलो. एकदाही घड्याळ बघितलं नाही. पोहोचवणाऱ्याला आता फक्त त्या दिवशीचा पत्ता दिसणार, वस्तू पोहोचली की पुसला जाणार. सभासदाला आपलं पान कोणी उघडलं ते स्वतःला बघता येणार. परवानगी द्यायला दोन जणांची संमती लागणार, एकट्याला देताच येणार नाही. दुरुस्तीची वेगळी भूमिका केली, तिला पत्ता नाहीच. करायला किती वेळ लागला? चाळीस मिनिटं.

मग तिला म्हटलं, माझं कारभारीपण काढ.

"काका, मग लक्ष कोण ठेवणार?"

"तू आणि अध्यक्षबाई. मी स्टोअर बघेन. शिड्या कुठे जातात ते मला कळतं."

तिने आढेवेढे घेतले, शेवटी काढलं. पडद्यावरची निम्मी बटणं गेली. पान बरं दिसायला लागलं.

२८ फेब्रुवारी

भर दुपारी शिवणवालीच्या दारात टेम्पो लावला. टेम्पोवाल्याला सुट्टी दिली, गाडी मीच चालवली. गठ्ठे, दोन खुर्च्या, गॅस, मुलीची सायकल. ओव्हरलॉक शेवटी ठेवलं, गाद्यांमध्ये घट्ट बसवून. ते तिला वर्षभरासाठी दिलंय, त्यावर तिचं पोट आहे.

परत आलो तर अध्यक्षबाईंचा फोन. यादीत ओव्हरलॉक बाहेर दिसतंय, पण पत्त्याची जागा रिकामी आहे.

"ते माझ्या नावावर लिहा. हरवलं तर मी भरून देईन."

"ते ठीक आहे हो, पण आहे कुठे?"

"बाहेर."

बाई बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एक ते सहा बाहेर होतो. मशीन पोहोचलं. जागेवर बसवून, तेल घालून, निळ्या कापडाच्या तुकड्यावर चालवून बघितलं. टाके सारखे पडतात. खिडकीतून काय दिसतं, मुलगी काय म्हणाली, सगळं लक्षात आहे. लिहीत नाही.